बॅग स्कूटीवरच राहू द्या

गोठ्यात शिरण्याआधी डॉक्टर मंजुश्री औषधांची बॅग स्कूटीवरच ठेवत आणि रिकाम्या हातांनी दाराशी उभ्या राहत. रोज, प्रत्येक गोठ्यात. अहमदपूरच्या आसपासच्या गावांना ही सवय माहीत होती, तरी कुणीतरी टोमणा मारेच, "बाई, नुसतं बघूनच बरं करता व्हय?"

"बॅग दिसली की जनावर दुखणं लपवतंय," त्या म्हणत. "आधी खरं काय ते बघू द्या."

भामाबाईंच्या गोठ्यातही त्या तशाच थांबल्या. आत हरण्या होता, भामाबाईंनी वासरापासून वाढवलेला लाल कंधारी बैल. पोळा झाला आणि तो शिंग उगारू लागला. काल तर त्याने भामाबाईंनाच दावणीवर ढकलले; दंड काळानिळा पडला होता. मुलगा दयानंद येत्या आठवड्यात हरण्याला हाळीच्या गुरांच्या बाजारात विकायला नेणार होता. मारका बैल तिथून कुठे जातो, हे मायलेकांना सांगायला नको होते.

"त्याचा दोष न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "पोळ्याला मानाची झूल ह्यानं नव्या बैलाला घातली. रुसलाय त्यो. मी पुरणपोळी घेऊन गेले समजूत काढाया."

"अन् दणका खाऊन आली," दयानंद म्हणाला. "मॅडम, बाजारापर्यंत गप राहील असं इंजेक्शन द्या."

"थांबा जरा."

हरण्या कडबा नीट खात होता. पण माशी नसतानाही मान झटकत होता. डोके उजवीकडे किंचित कललेले. मधूनच उजवे शिंग खुंट्याला घासायचा आणि चटका बसल्यासारखा मागे सरायचा.

"काकू, पोळी देताना शिंगाला हात लावलात?"

"कुरवाळलं की, नेहमीसारखं."

"उजव्या?"

"हाव."

भामाबाई त्याच्या गळ्याखाली खाजवत राहिल्या, तेव्हा कुठे डॉक्टर डाव्या बाजूने जवळ गेल्या. उजव्या शिंगाचे मूळ गरम होते. बोटाने हलकेच ठोकल्यावर आवाज बद्द आला. हरण्या थरथरला.

"रुसला नाही, दुखतंय त्याला. शिंगाचा कॅन्सर दिसतोय. पोळ्याला शिंगं तासलीत, तेव्हापासून त्याला तिथं हात नको झालाय. शिंग मुळापासून काढू. वेळेत सापडलंय."

"एका शिंगाचा बैल? गाव हसंल, मॅडम."

"हसू द्या. औताला शिंग जुंपता का खांदा?"

दयानंदने आईच्या दंडाकडे पाहिले, मग हरण्याकडे. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि बैल घेणाऱ्या व्यापाऱ्याला सांगितले, "न्हाई, आणत न्हाई."

जागा बधिर करून डॉक्टरांनी शिंग काढले. तपासणीला पाठवलेल्या तुकड्याने निदान खरे ठरवले. जखम रोज धुवायची होती, पण बैलाला पाडून बांधायला त्यांनी मनाई केली. "एकदा धाक बसला की तो कुणालाच जवळ येऊ देणार नाही. औषध माझं, हात तुमचा." मग भामाबाई पेंडीचे घमेले पुढे ठेवत, डाव्या बाजूने बोलत बोलत जात आणि पट्टी बदलत. दयानंद दुरूनच म्हणे, "माझ्याशी कधी एवढं गोड बोलली न्हाईस, माय."

जखम भरली. रब्बीच्या पेरणीला हरण्या जुवाखाली उभा होता.

पुढच्या पोळ्याला मानाची झूल त्याच्या पाठीवर होती. एकच शिंग, लाल हिंगुळाने रंगवलेले. दुखणे पुन्हा उगवत तर नाही ना, हे बघायला डॉक्टर आल्या. बॅग स्कूटीवर ठेवून दाराशी उभ्या राहिल्या. हरण्याने मान झटकली नाही. भामाबाईंच्या हाताखाली त्याने कपाळ आणून दिले, शिंग गेलेल्या बाजूने.

"काय म्हणतोय, बाई?" भामाबाईंनी विचारले.

"मजेत हाय," डॉक्टर म्हणाल्या आणि बाजेवर टेकल्या. "चहात साखर कमी टाका, काकू."