हिवाळ्यात नको, उन्हाळ्यात बघू

आमच्या भागात एक नियम आहे. परमुलखात फिरायला गेलात आणि त्या गावात आपला माणूस असेल, तर हॉटेलात उतरायचं नाही. आणि आपला माणूस बहुतेक सगळीकडे असतो. कवठे महांकाळ, विटा, आटपाडी या बाजूची पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्याला लागतात. म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायचं काम. मग कुणी केरळात दुकान थाटतं, कुणी आसामात, कुणी पंजाबात. अशा माणसाला टाळून तुम्ही लॉजवर उतरलात, तर पुढच्या यात्रेत तो देवळासमोर चारचौघांत तुमची शोभा करतो.

माझा दादा गलाईसाठी गेला तो थेट हिमालयात. स्की करायला जिथे देशभरातून लोक येतात, अशा एका गावात त्याचं दुकान आहे. दुकानाच्या वर घर. वहिनी मुलांच्या शिक्षणासाठी खालच्या शहरात राहते आणि दादा वर एकटा, एवढं आम्हाला माहीत होतं. घर आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी सांगलीत शाळेत भूगोल शिकवते. हिमरेषा, हिमनदी, हिमस्खलन हे सगळं मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय, की वर्गातल्या पोरांना वाटतं बाई तिकडच्याच. प्रत्यक्षात फ्रीजरमधला सोडून बर्फ मी पाहिला नव्हता. त्यामुळे सहलीची हौस माझी होती, हे मी कबूल करते. पण आईचं कारण वेगळं होतं. वडील गेल्यापासून ती गावात एकटी राहते. लेकीच्या घरी जास्त दिवस राहायचं तिच्या जिवावर येतं आणि बर्फाशी तिला काही देणंघेणं नाही. तिला थोरल्याचं घर बघायचं होतं. एकदा ती मला म्हणाली, "त्याची आठवण आली की त्यो उभा दिसतोय गं मला. पर त्याच्या मागं काय हाय, त्ये दिसत न्हाई." दार उघडल्यावर समोर काय आहे, देव कुठे मांडलेत, तो कुठे बसून जेवतो, एवढंच तिला हवं होतं.

तर आम्ही ठरवायचो. दिवाळी झाली की मी रजेचं बघायचे, नवरा मिरजेहून दिल्लीच्या गाडीची तिकिटं बघायचा आणि मुलगी कानटोप्या घालून आरशासमोर उभी राहायची. मग मी दादाला फोन करायचे.

"आत्ता नगं गं," तो म्हणायचा. "रस्ता कवा बंद पडंल सांगता येत न्हाई. नळातलं पाणी गोठतंय हितं. आईच्या गुडघ्यांचं काय करशील? उन्हाळ्यात या, निवांत."

उन्हाळ्यात परत फोन. "आता येऊन काय बघणार? बर्फ गेला, नुसता चिखल ऱ्हायलाय. त्यात गर्दी अशी की पाय ठेवायला जागा न्हाई. आता दिवाळी झाली की या, मस्त बर्फ दावतो."

पावसाळ्यात तिकडे दरडी कोसळतात हे मलाच ठाऊक होतं, म्हणून तेव्हा मी विचारत नव्हते. असं हे घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं. पहिल्यांदा ठरवलं तेव्हा माझी मुलगी प्राथमिक शाळेत होती. आता तिचं कॉलेज संपत आलंय. आणि दर यात्रेला दादा गावात आला की चौकात उभा राहून सगळ्यांना सांगायचा, "या की रं समदी. आपलं घर हाय तिथं." आई मागे उभी राहून पदर सावरायची आणि आयाबायांकडे बघायची. मीही बघायचे. त्या चौकात माझ्याइतकी मान ताठ कुणाची नसेल.

मला एकदाही शंका आली नाही. यावी तरी कशी? दहावीनंतर माझं लग्न काढलं होतं तेव्हा हाच दादा दोन दिवस रेल्वेत उभा राहून गावी आला होता आणि वडिलांशी भांडला होता. "तिला शिकू द्या, न्हाईतर मी ह्या घरात पाय ठेवणार न्हाई," असं म्हणाला होता. मी आज बाई म्हणून मिरवते ती त्याच्यामुळे. अशा माणसाचा शब्द कोण तपासून बघतं?

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला आई डोळे दाखवायला सांगलीला आली होती. मी नेहमीप्रमाणे फोन केला आणि नेहमीचं उत्तर ऐकलं. मुलगी वैतागली. "मामाला विचारतोच कशाला आपण? खोली घ्यायची आणि जायचं. लोक काय आपापल्या मामाला विचारून जातात?" असं म्हणून तिने मोबाइलवर त्या गावातल्या राहायच्या जागा काढल्या. स्कीच्या उतारापासून जवळ, घरगुती जेवण, खिडकीतून बर्फ. एकेक फोटो ती आम्हा दोघींसमोर धरत होती. लाकडी भिंतींची एक खोली आली. कोपऱ्यात स्कीच्या पट्ट्या टेकवून ठेवलेल्या, खिडकीबाहेर पांढरं शुभ्र आणि पलंगावर पांघरूण पसरलेलं.

आई चष्मा न लावता म्हणाली, "ही माझी वाकळ हाय."

मी हसले. डोळ्यांत औषध घातलंय, काहीतरी दिसत असेल, असं वाटलं. मग मुलीने फोटो मोठा केला. मधला हिरवा चौकडा माझ्या शाळेच्या परकराचा होता. कडेची गुलाबी पट्टी वडिलांच्या फेट्याची. आईने ती वाकळ नातवंडांसाठी शिवली होती आणि मीच ती दोरीने बांधून यात्रेत दादाच्या हाती दिली होती.

पुढच्या फोटोत दादा होता. लोकरीची टोपी घालून दारात हात जोडून उभा, यजमान म्हणून. दुकानाच्या वरचं सगळं घर त्याने पाहुण्यांना उतरायला दिलेलं होतं. हिवाळ्यात स्की करणारे, उन्हाळ्यात उकाड्याला कंटाळून वर येणारे. दोन्ही मोसमात खोल्या भरलेल्या. आम्हाला हिवाळ्यात उन्हाळा आणि उन्हाळ्यात हिवाळा का दाखवला जात होता, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. ऋतू शिकवणारी बाई मी, आणि ऋतूंनीच मला फसवावं? ऋतूंनी कशाला, दादानेच.

आईच्या हे ध्यानात आलं नव्हतं. ती वाकळीवरच होती. "लोकं काय म्हंत्यात तिला?" तिने विचारलं. फोटोंच्या खाली, तिथे राहून गेलेल्यांनी इंग्रजीत अभिप्राय लिहिले होते. मुलगी वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मी तिच्या हातातून मोबाइल घेतला. कुणीतरी लिहिलं होतं की पलंगावरचं पांघरूण यजमानांच्या स्वर्गवासी आईने हाताने शिवलेलं आहे, आणि अशी ऊब विकत मिळत नाही.

"काय लिवलंय?" आई.

"लय ऊबदार हाय म्हंत्यात," मी म्हणाले.

"मग. हाताचा टाका हाय. मशिनीचा न्हाई," ती म्हणाली आणि खुशीत चहा प्यायली.

मी गच्चीवर जाऊन दादाला फोन लावला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पाहुण्यांचं त्याने लगेच मान्य केलं. सोनं गाळायला आता पूर्वीसारखं कुणी येत नाही, घरावरच चालतं, सीझनमध्ये खोली अडवून ठेवता येत नाही, वगैरे. तेवढंच असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. पण मी त्या दुसऱ्या गोष्टीचं विचारलं.

"त्याचं काय हाय," तो म्हणाला, "वाकळ बघितली की जो त्यो विचारतोय, आई कुठं असती? गावाला, म्हटलं की विचारतोय, एकटी? हितं का आणत न्हाई? दर पाव्हण्याला काय सांगत बसू? एकदा म्हणून गेलो, न्हाई आता ती. तवापास्नं कोण विचारत न्हाई."

जिवंत आईला मारणं त्याला सोपं गेलं, कारण तिला घरी आणणं जड जात होतं. मी हे त्याला ऐकवलंही. तो म्हणाला, "तुला न्हाई कळायचं." मला कळलं होतं म्हणूनच मी फोन आपटला.

मग मी आमच्या भागाचा नियम मोडला. त्याच गावात, त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशा हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. आईला सांगितलं की दादाकडे पाहुणे फार झालेत. तो तिला मेलेली म्हणून सांगतो, हे सांगितलं नाही. तेवढं धैर्य मला झालं नाही आणि होऊही नये. ती म्हणाली, "असू दे. घर तर बघायला मिळंल." जाताना तिने बेदाणे घेतले, शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि मी नको नको म्हणत असताना भाकरीचं पीठही घेतलं.

बर्फाबद्दल मी फार लिहिणार नाही. तो पांढरा असतो आणि पायाखाली मिठासारखा वाजतो. उतारावरून माणसं पायांना पट्ट्या बांधून सरसर खाली यायची. माझी मुलगी शिकवणाऱ्याचा हात धरून दहा वेळा पडली आणि दहा वेळा हसली. भाड्याचे गमबूट आणि भाड्याचा लांब कोट घातलेली आई काठावर बसून होती. मध्येच मला विचारायची, "त्याचं घर कुठल्या अंगाला?" मी हात दाखवायचे. ती तिकडे तोंड करून बसायची.

दादाने दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बोलावलं. आधीचे पाहुणे सकाळी जातात आणि नवे दुपारपर्यंत येतात, तेवढ्यात घर बघून घ्या, असं त्याने मला फोनवर सांगितलं. नवरा आणि मुलगी उताराकडे गेले. आम्ही दोघीच गेलो. दादा आईच्या पाया पडला. डोळे पुसले त्याने, ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आईने मात्र वेळ घालवला नाही. सगळ्या खोल्या फिरली. देव बघितले, चूल बघितली, त्याची जेवायची जागा विचारून तिथे जरा बसली. खिडकीशी उभी राहून बाहेर काय दिसतं ते नीट बघून घेतलं. तिच्या तोंडावर जे समाधान होतं, त्याने माझा राग निम्मा उतरला होता. वाटलं, चला, झालं गेलं.

तेवढ्यात दार ढकलून एक गृहस्थ आत आले. दर हिवाळ्यात स्कीसाठी येणारे, घरच्यासारखे वागणारे. वेळेआधीच पोहोचले होते. खांद्यावरच्या पट्ट्या त्यांनी भिंतीला टेकवल्या, बुटांवरचा बर्फ झटकला आणि आईकडे बघून दादाला आदराने विचारलं, "ये माताजी कौन हैं?"

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "हमारे गाँव की हैं," तो म्हणाला. "बर्फ़ देखने निकले हैं ये लोग."

माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. मी म्हणाले, "ये इनकी माँ हैं. सगी माँ. ज़िंदा हैं." शाळेतल्या हिंदीसारखे एकेक शब्द सुटे करून म्हणाले, म्हणजे चुकून काही राहायला नको.

गृहस्थ गोंधळले. त्यांनी दादाकडे बघितलं. दादा त्यांच्या बुटांकडे बघत होता. मग आई पुढे झाली. मालिका बघून बघून तिला मोडकी हिंदी येते. तिने हात जोडले आणि हसून म्हणाली, "नहीं साहब. लड़की मज़ाक करती. मैं गाँव की."

आणि पाहुणे दमून आलेत म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवायचा आवाज आला. दादाने तिला थांबवलं नाही. मी जिना उतरून बाहेर बर्फात उभी राहिले. मला सगळ्यात जास्त संताप दादाचा आला नव्हता, हे लिहायला जड जातंय. मी तिच्यासाठी भांडले होते, आणि तिने मला त्या परक्या माणसासमोर खोटं पाडलं होतं.

परत येताना पूर्ण रस्ताभर ती माझ्याशी बोलली नाही. मिरजेच्या स्टेशनवर उतरल्यावर म्हणाली, "पोराचं हसं करायला निघाली हुतीस." बस्स. चुकलं कुणाचं, तर माझं.

तिला गावी सोडायला गेले तेव्हा शेजारच्या आयाबाया ओट्यावर जमल्या. कसं हाय पोराचं घर, विचारायला लागल्या. आईने सगळं बैजवार सांगितलं. लाकडी भिंती, देवांचा कोनाडा, खिडकीतून दिसणारा डोंगर. "मला खिडकीजवळची खोली दिली हुती," ती म्हणाली. "हलू दिलं न्हाई मला पोरानं. निस्तं बसून खायचं. व्हय का न्हाई गं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आईही बघत होती, आणि तिच्या नजरेत विनंती नव्हती, हुकूम होता.

मी म्हणाले, "व्हय."