हसाजीचे शनिवार

बातमी आली तेव्हा मी वर्गावर होतो. शाळेचा शिपाई दाराशी येऊन उभा राहिला आणि मुलांसमोर बोलावं की नाही हे न कळून त्याने मला बाहेर यायची खूण केली. "झिराडकर मास्तर गेलं की वो," तो म्हणाला, "सकाळच्यालाच. होटगीला मानसं आनाय गेल्यात." विषमज्वराने तीन आठवडे अंथरुणाला खिळलेला माणूस... धक्का बसावा अशी ती बातमी नव्हती. मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण हा सगळा लेख लाजेचाच आहे, तेव्हा आधीच सांगून टाकतो. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग मी वर्गात गेलो, अर्धवट राहिलेला श्लोक पुरा शिकवला आणि तास संपल्यावर टांगा करून त्याच्या घरी गेलो.

होटगीला माणसं आणायला जावं लागलं, कारण सोलापुरात बेने इस्राएल मंडळींची घरं पाच-सहाच, आणि त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष तरी लागतात. होटगीच्या रेल्वेत त्यांचे काही लोक आहेत, ते आले की संख्या भरते. हे मला हसाजीनेच कधीतरी सांगितलं होतं. त्याच्याविषयी, त्याच्या समाजाविषयी मला जे काही ठाऊक आहे ते सगळं त्यानेच सांगितलेलं. हे वाक्य मी सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव एझिकेल झिराडकर. घरात आणि जवळच्या माणसांत हसाजी. आजोबा पलटणीत, वडील रेल्वेत, असं करत कोकणातलं हे घराणं आमच्या कोरड्या देशावर येऊन पडलं. तो इतिहास आणि इंग्रजी शिकवायचा, मी संस्कृत. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी त्याला "म्हणजे तुम्ही शनवार तेलीच ना?" असं विचारलं होतं. कोकणात ही माणसं तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, त्यावरून पडलेलं ते नाव. मला वाटलं होतं, मी आपली माहिती दाखवतो आहे. तो हसून म्हणाला, "तेल कधीच सुटलं हो. शनिवार तेवढा राहिलाय." आमची मैत्री तिथे सुरू झाली, आणि चार महिन्यांत 'अहो' जाऊन 'अरे' आलं. मी शास्त्री नव्हतो, माझ्या बापजाद्यांतही कुणी नव्हतं, पण तो मला शास्त्रीबुवाच म्हणत राहिला.

बी. ए.ला त्याने मुंबईत हिब्रू घेतलं होतं. आता एम. ए.साठी तो आपल्या समाजाच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होता, सोलापुरात बसून, एकट्याने. पुस्तकं मुंबईहून पार्सलने यायची. मधल्या सुट्टीत तो आमच्या दृष्टीने उलट्या बाजूने पुस्तक उघडून बसायचा तेव्हा ड्रॉइंगचे मास्तर त्याची टिंगल करायचे. हेडमास्तरांनी एकदा विचारलं होतं, "झिराडकर, ह्या हिब्रूचा उपयोग काय?" त्याने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यांच्या संस्कृतचा जो असेल तोच, साहेब." खरं तर त्याला ते एम. ए. हवं होतं, फार हवं होतं. शाळेतून कॉलेजात जायची ती एकच वाट होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या लोकांचा इतिहास आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलेला त्याला बघायचा होता.

त्याचे शनिवारचे तास मी घ्यायचो आणि माझे बुधवारचे तो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी थेट त्याच्याकडे जायचो. सुरुवातीचं वर्षभर मी त्याच्या घरचं पाणीही घेतलं नाही. तांब्या समोर असायचा, मी "तहान नाही" म्हणायचो, सोलापूरच्या एप्रिलात! त्याची बायको, रिबकावहिनी, पुढच्या शनिवारी तांब्या पुन्हा आणून ठेवायच्या. शनिवारी तो लेखणीला हात लावत नसे. पण गंमत अशी की त्याला सुचायचं ते नेमकं शनिवारीच. आठवडाभराची दगदग उतरलेली, मांडीवर पुस्तक, आणि तो बोलत सुटायचा. रात्री किंवा रविवारी लिहायला बसला की त्यातलं निम्मं पळालेलं असायचं. "तोंडातून गेलं की माझं गेलं, शास्त्रीबुवा," असं म्हणून तो कपाळाला हात लावायचा. मला मात्र लहानपणी पाठांतराची शिक्षा झालेली. वडिलांनी छडी घेऊन घोटवून घेतलं होतं, त्यामुळे एकदा ऐकलेलं दोन दिवस जसंच्या तसं डोक्यात राहायचं. मग आमची अशी रीतच पडली. शनिवारी त्याने बोलायचं, मी नुसतं ऐकायचं. घरी जाऊन मी सगळं मराठीत उतरवून काढायचं आणि रविवारी सकाळी कागद त्याच्या हातात द्यायचे. त्यावरून तो इंग्रजीत प्रबंध लिहायचा. मी एक प्रत माझ्या वहीत ठेवायचो. अशी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत मी सुखी होतो, हे मला आता कळतं.

त्यातला एक शनिवार सांगायलाच हवा. त्यांच्याकडे वसंतात एक सण येतो, ज्या दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही असा धर्मग्रंथाचा नियम. कोकणात शेकडो वर्षं ह्या लोकांजवळ ग्रंथ नव्हता, हिब्रू वाचणारा कुणी नव्हता, नियमामागचं कारण सगळे विसरले. पण घरातल्या बायका त्या दिवसांत आंबट पाण्याच्या मडक्याचं तोंड फडक्याने बांधून ठेवत. का, तर ते कुणालाच सांगता यायचं नाही. सासू करायची म्हणून सून करायची. अनशी ढाकायचा सण, म्हणजे ते मडकं झाकायचा सण, असंच त्याचं नाव. त्या दिवशी हसाजीने हिब्रूतला नियम वाचून दाखवला, मग स्वयंपाकघराकडे बघत बसला, आणि एकदम उठून उभा राहिला. "अरे, आम्ही वेड्यासारखा आमचा इतिहास पोथ्यांत शोधतोय. पोथी होतीच कुठे? तो मडक्यांत आहे! प्रत्येक सण घ्यायचा, बायका हाताने काय करतात ते लिहायचं, आणि शेजारी मूळ वचन ठेवायचं. जे जुळेल ते आम्ही बरोबर घेऊन आलो, जे जुळणार नाही ते इथे शिकलो." घरी जाऊन मी बारा पानं लिहिली, आणि खोटं कशाला बोलू, ती पानं फार चांगली उतरली.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या वर्षी, म्हणजे तीस साली, पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं. मी त्यांच्याकडे संस्कृत काव्यावरचे चार लेख पाठवले होते आणि चारही साभार परत आले होते. 'काही नवीन असेल तर पाठवा,' असं त्यांनी लिहिलं होतं. मी ती वही काढली. मनाची समजूत घातली की भाषा माझी आहे, बांधणी माझी आहे, कागदावर हे कधी होतं तर माझ्याच अक्षरात. कच्च्या लेखात पहिल्या परिच्छेदाखाली मी हसाजीचा उल्लेख केला होता, एकच ओळ, की ही कल्पना आणि हा शोध माझ्या मित्राचा. पक्की प्रत करताना लेख लांबला. दोन-चार ओळी काढायला हव्या होत्या. त्या बारा पानांत काढण्यासारखं पुष्कळ होतं, एक सबंध वर्णन फुगलेलं होतं. मी ती ओळ काढली.

लेख छापून आला आणि गावात माझं नाव झालं. ज्या वकिलांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं त्यांनी चहाला बोलावलं. हसाजी शाळेत अंक घेऊन आला. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो, उत्तरंसुद्धा घोकून ठेवली होती. तो म्हणाला, "छान उतरलंय. मला असं लिहिता आलं नसतं." मग खाली बघत, "आता प्रबंधात ते प्रकरण घालायचं तर... छापलेलं आधी तुझं आहे. तळटीप द्यावी लागेल ना?" हा प्रश्न नव्हता, दार होतं. त्याने माझ्यासाठी उघडून धरलं होतं. मी म्हणालो, "बघ बाबा, तुला योग्य वाटेल तसं."

त्याने तळटीप दिली. तो प्रामाणिक माणूस होता, आणि छापलेल्या गोष्टीचा दाखला न देणं त्याच्या अभ्यासात बसत नव्हतं. वर्षभराने प्रबंध परत आला. परीक्षकांनी लिहिलं होतं की बाकीची प्रकरणं मेहनतीचं संकलन आहेत, स्वतंत्र विचार दिसतो तो एका प्रकरणात, आणि त्याचं श्रेय लेखक स्वतःच दुसऱ्याला देतो. नव्या आधारावर पुन्हा लिहून पाठवावा. हसाजीने तो शेरा मला शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला, आवाज न चढवता, मुलांचे निकाल वाचावेत तसा. मी दोन पत्रं लिहिली असती तर काम झालं असतं. विद्यापीठाला एक आणि मासिकाला एक. मी ती मनात कितीदा लिहिली! पण बसायला उशी मिळाली होती, ती सोडवेना. त्याने प्रबंध पुन्हा पाठवला नाही. "आता दुसरं काय सुचणार मला," एवढंच एकदा म्हणाला.

आणि तरी मी दर शनिवारी जात राहिलो. तोही बोलत राहिला, पूर्वीपेक्षा जरा कमी. मी आता काही उतरवून काढत नव्हतो, त्याने मागितलंही नाही. माझ्या निर्लज्जपणाची कमाल अशी की ह्या जाण्याला मी उपकार समजत होतो. बिचारा हिरमुसला आहे, आपण जातो, तेवढाच त्याला आधार! पाणीही पीत होतो तोवर, चहासुद्धा.

तो गेल्यावर शाळेत शोकसभा झाली. अध्यक्षांनी 'बेने इस्राएल इतिहासाचे आपले सोलापूरचे अभ्यासक' म्हणून माझी ओळख करून दिली. समोर होटगीहून आलेली चार माणसं बसली होती, त्यांनी मान डोलावली. त्यातले एक म्हातारे गार्ड नंतर माझा हात धरून म्हणाले, "तुमी आमचं नाव काढलं, मास्तर." मी हात सोडवून घेतला नाही. भाषणात मी त्याच्या साधेपणाविषयी, शिस्तीविषयी बोललो. लोक रडले.

त्यानंतरच्या शनिवारी मी वहिनींकडे गेलो. त्या होटगीच्या, रेल्वेच्या चाळीत वाढलेल्या. पुढच्या खोलीत खाली बसल्या होत्या. मी बसलो आणि अस्तन्या ओढत म्हणालो, "वहिनी, तो मासिकातला लेख माझा नव्हता."

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला. "भावजी, मी हितंच असायची न्हवं? दाराआड. मडक्याचं त्यास्नी कुनी सांगितलं? मीच की. सासूबाई कशा बांधायच्या, कोणतं फडकं घ्यायच्या, समदं मी सांगितलं. तुमचं पुस्तक आलं तवा त्यांनी मला वाचून दावलं. मी लई चिडले. म्हटलं, त्या बामनाला हितं पाय ठेवू देनार न्हाय."

"मग?"

"मग काय... ते म्हनले, गप ऱ्हा. आपल्या मनाला लागलंय हे त्याला कळलं, तर त्यो यायचा न्हाय. आन त्यो आला न्हाय तर मी बोलू कुनाशी? ह्या गावात माजं आयकून घेनारं दुसरं कोन हाय?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "म्हनून मी च्या करत ऱ्हायले, भावजी."

मग त्या उठल्या आणि आतून प्रबंधाची परत आलेली प्रत घेऊन आल्या, काळ्या कापडी बांधणीची. वहिनींना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. चार-पाच वर्षं ती प्रत घरात होती, आणि तिच्यात काय आहे हे त्यांना शब्दशः ठाऊक नव्हतं. "वाचून दावा," त्या म्हणाल्या, "तुमाला चांगलं सांगता येतं." मी वाचू लागलो, वाक्यावाक्याचं मराठी करून. मडक्याचं प्रकरण आलं. आभाराच्या जागी त्याने लिहिलं होतं की ह्यातली सगळी माहिती माझी पत्नी रिबका हिने पुरवली. ते ऐकून त्या एकदम हसल्या, आणि लगेच रडल्या. खाली तळटीप होती. ह्या प्रकरणाची मूळ कल्पना माझे मित्र श्री. जोशी यांची आहे, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी थांबलो.

"थांबलात का?"

मी सांगितलं. मग खिशातलं पेन काढलं आणि म्हणालो, "वहिनी, एवढं नाव खोडू द्या मला. तुमच्यासमोर खोडतो."

त्यांनी प्रत माझ्या हातातून ओढून घेतली. "न्हाय," त्या म्हणाल्या, "येक तर आज शनवार हाय. आन दुसरं, ते त्यांचं लिवनं हाय. त्यात तुमी हात घालायचा न्हाय, येकदा घातला तेवढा पुरे. तुमाला काय लिवायचं ते तुमच्या कागदावर लिवा."

पेन मी पुन्हा खिशात ठेवलं. हे लिहितो आहे तो सोमवार आहे. 'श्री. जोशी, अभ्यासक' असं माझ्या नावापुढे घालू नये, अशी मी, ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत हा लेख छापायचा आहे तिच्या संपादकांना विनंती केली आहे. त्या लेखातलं अक्षर माझं होतं. बाकी सगळं एझिकेल झिराडकर आणि रिबका झिराडकर यांचं.