आत्याचं हिरवं लुगडं आणि माझी रुंद स्टेपनी

मालवणला स्वतःच्या गाडीने निघणार असाल, तर आधी स्टेपनीचं माप बघा. मी बघितलं नव्हतं. साठच्या दशकातला तो प्रवास आठवला की अजून लाज वाटते.

मालवणहून आत्याचं पत्र आलं होतं. "दुखणं वाढलंय. दादा, हिरवं लुगडं घेऊन ये. उठून बसता येतंय तोवर नेसून घेते." बाबांनी त्याच दिवशी लुगडं घेतलं, तार केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कोल्हापूर सोडलं. मी तेव्हा स्वतःला मोटारीतला मोठा जाणकार समजायचो.

आंबोलीला गरम भजी खाल्ली. घाट उतरताना धारदार दगडाने मागचा टायर चिरला. स्टेपनीला मित्राच्या गाडीचा जुना टायर होता, आमच्या टायरपेक्षा रुंद. रिमवर बसला, एवढ्यावर मी खूश! पण खड्डा आला की तो मडगार्डला घासायचा. बाबा म्हणाले, "सावंतवाडीत मापाचा घेऊ." मी ऐकतोय कुठला? घासू नये म्हणून चोवीस पौंडांतली निम्मी हवा सोडून दिली. मऊ टायर तापत गेला आणि सावंतवाडी मागे टाकल्यावर पिंगुळीजवळ बाजूने फाटला.

कुडाळहून आलेल्या मिस्त्रीने टायरवरचे आकडे वाचले. "हो टायर तुमच्या गाडयेचो न्हय. हवा काढलात म्हणान टायर ल्हान होता काय?"

तो मापाचा टायर आणायला सावंतवाडीला गेला. तेवढ्यात मालवणची यष्टी आली. बाबा लुगड्याची पिशवी घेऊन उठले. "बसा हो, तासाभराचं काम," म्हणत मी त्यांना हात धरून बसवलं. टायर आला तेव्हा उन्हं उतरली होती.

मालवणात आत्याच्या अंगणात माणसं उभी होती. तिचे यजमान पुढे आले. "दुपारीच गेली ती. तुमच्या लुगड्यासाठी थांबलंव."

सवाष्णीला अखेरचं लुगडं माहेरचं लागतं. बाबांनी स्वतः घडी मोडून बहिणीच्या अंगावर पांघरलं. मला तिथे उभं राहवेना.

परतताना बाबा यष्टीने आले. आता निघण्याआधी मी टायरवरचे आकडे दोनदा वाचतो, चाकं थंड असतानाच हवा मोजतो. बाबांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच जेवताना म्हणाले, "त्या यष्टीने एकला पोचलो असतो. दोनपर्यंत ती उशीला टेकून बसली होती म्हणे."