काकीचा धुण्याचा धोंडा

अन्याय झाला तो हसरीकाकीवर. आषाढी अमावास्येच्या आधीच्या मंगळवारी, ऐन लावणीत, आमच्या गावकीने तिची सावड तोडली. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, अशी जिथे लावणी उरकते, तिथे एकट्या विधवेची सावड तोडणे म्हणजे तिच्या ताटातला भातच काढून घेणे. गुन्हा काय? तिने धोंड्यावर लुगडे धुतले!

धोंडा तिचाच. नवऱ्याने पाताळगंगेतून वर ओढून आणलेला. सगळ्या आळीच्या बायका त्यावर धुणे आपटीत. आषाढ लागताच टवाळ पोरांनी गावदेवीच्या पूजेतला उरलेला शेंदूर त्याला फासला. दुसऱ्या दिवशी कुणी नारळ ठेवला, तिसऱ्या दिवशी भगताच्या अंगात आले, आणि धोंडा देव झाला! बायकांनी हात जोडून धुणी माघारी नेली. काकीने नारळ फोडून पोरांना खोबरे वाटले आणि लुगडे भिजवले.

"काकी, कोप हुईल!" भगत ओरडला.

काकी हसली. तिच्या हसण्याने पैलतीरावरची गुरे माना वर करीत. नाव पडले ते त्यावरूनच. म्हणाली, "अरं भगता, याला नदीतनं वर यायला माझ्या घरधन्याचा खांदा लागला. त्यो मला काय देनार? देनारा न्यारा हाय. त्याला शेंदूर लावायचा तं लावशील कुठं?"

रोज शेतात पाय टाकण्याआधी ती मोकळ्या आभाळाकडे बघून म्हणे, "देवा, माती तुझी, पानी तुझं. माझे फकस्त हात." मी तिला आमच्या सुधारक मंडळाचे मूर्तिपूजेविरुद्धचे पत्रक वाचून दाखवले, तर म्हणाली, "लई लांबलं रं. येवढं देवाला तरी ठावं हाय का?"

सावड तुटली. आवणातली भाताची रोपे लावणीवाचून पिवळी पडू लागली. मी बांधावर उभा राहून गावकीला शिव्या घातल्या. काकी म्हणाली, "भाषान नगं, वाकतोस का?" मी वाकलो. माझी वाकडीतिकडी रोपे बघून ती आभाळाला म्हणाली, "देवा, हात धाड रं. पन असले नगं!"

आणि हात आले. लावणीच्या चिखलाने घरोघरची धोतरे, लुगडी बरबटलेली, आपटायला जागा नाही. बायका किती दिवस सोसतील? एका सकाळी साऱ्या काकीच्या शेतात लावणीला उतरल्या. सगळ्यांत पुढे भगताचीच बायको, पदर खोचून. "आमचं ह्ये रागावलं तं रागावू दे, काकी. त्यांच्याच धोतराला वास मारतोय!"

संध्याकाळी खाचर हिरवे झाले. मग साऱ्याजणी धोंड्यावर गेल्या. पहिले आपटले ते भगताचे धोतर. शेंदूर नदीला मिळाला. काकी आभाळाकडे बघून खदखदा हसली, "मूठभर मागितलं, सूपभर दिलंस!"

यंदा माघात काकी गेली. आता तोच भगत त्याच धोंड्याभोवती चौथरा बांधतो आहे. नाव, काकीमाता! माया खरी असेल त्याची, पण काकीवर हा दुसरा अन्याय आहे.

वाचकहो, येत्या मंगळवारी चौथऱ्याचा पहिला चिरा बसणार आहे. भगताची बायको आणि मी सकाळपासून काठावर असू. हळदकुंकू घरी ठेवा. मळकी धुणी घेऊन या!