न लागलेली सोंगटी

आमच्या गावात माणूस म्हातारा झाला की त्यानं एखादा छंद लावून घ्यायचा असतो. त्यानं नाही लावला तर चर्चमधल्या बायका लावून देतात, आणि तो बहुतेक वेळा गोधड्यांचा निघतो. लॉइड बाउमन जन्मभर दुधाचा टँकर चालवून घरी बसला तेव्हा घाबरून त्यानं पक्ष्यांना दाणे घालायला सुरुवात केली. आता ते दाणे खारींपासून वाचवण्यात त्याचा दिवस जातो. व्हर्ना स्टेकल नवरा गेल्यावर हजार हजार तुकड्यांची चित्रं जुळवायला लागली. जुळलं की मागून डिंक फासायचा आणि भिंतीवर टांगायचं. तिच्या घरात आता खिडक्या तेवढ्या मोकळ्या आहेत.

क्लेटन गिंगरिचला मात्र क्रोकिनोलशिवाय काही येत नव्हतं, आणि दुसरं काही शिकायची त्याची इच्छाही नव्हती.

क्रोकिनोल म्हणजे गोल लाकडी पाट, मधोमध सोंगटी बसेल एवढा खळगा, त्याच्याभोवती खुंट्या. टिचकीनं सोंगटी मारायची. कॅरमच्याच घराण्यातलं पोर, फक्त याला कोपरे नाहीत. आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत हा खेळ टिकला त्याचं कारण असं, की आमच्या आजोबा-पणजोबांना पत्ते पाप वाटायचे. पत्त्यात राजा असतो, राणी असते, आणि त्यांच्या पाठोपाठ जुगार येतो. क्रोकिनोलच्या सोंगटीला तोंडच नाही. तिच्यातून सैतान बघणार कुठून? तेव्हा कॅनडातल्या ओंटारिओच्या या कोपऱ्यात हिवाळाभर, बाहेर बर्फ आणि आत टिचक्या, असं चालत आलं आहे.

नियम दोन. खेळताना बूड खुर्चीवरून उठवायचं नाही. फार तर एक बाजू उचला, पण दुसरी टेकलेली हवी. आणि पाटावर प्रतिस्पर्ध्यांची सोंगटी असेल तर तुमची सोंगटी तिला लागलीच पाहिजे. नाही लागली तर बाद. लागली की नाही, हे ज्यानं मारली त्यानंच सांगायचं. पंच वगैरे भानगड नाही. आमची माणसं कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत, कारण एरवीही आपण खरंच बोलतो असा आमचा स्वतःबद्दल समज आहे. तिथे एका सोंगटीसाठी पंच कोण नेमणार?

क्लेटनच्या बाबतीत तो समज खरा होता, हीच पंचाईत. सगळी नोकरी त्यानं अंड्यांच्या वखारीत काढली. अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढे अंडं धरायचं, केसाएवढा तडा दिसला की बाजूला ठेवायचं. नोकरी सुटली, नजर राहिली. व्हर्नानं केलेला केक कच्चा असेल तर तो "कच्चा आहे" म्हणायचा आणि दुसरा तुकडा मागायचा. चर्चच्या पाळकसाहेबांनी "प्रवचन कसं वाटलं?" म्हणून विचारलं तर खरोखरच सांगायचा. मग त्यांनी दारात उभं राहून हात मिळवताना त्याच्याशी हवापाण्याचं बोलायला सुरुवात केली.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्याच्याकडे उरलं होतं ते एकच माणूस, ऑर्व्हल फ्राय. दोघे शाळेत एका बाकावर होते, आणि क्रोकिनोलच्या पाटावर एकमेकांच्या समोर. जोडीदार समोर बसतो. एवढ्या वर्षांत दोघांनी जोडी बदलली नव्हती. दर गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात क्लेटन-ऑर्व्हल ही एक जोडी, लॉइड-व्हर्ना दुसरी. टेबलावर सॉसेज, चीज, बिटाचं लोणचं, आणि लॉइडची बडबड.

"क्लेटन, जरा वारा येऊ दे की, सोंगटीवर एवढा वाकलायस. अंडं उबवतोयस का काय?"

"तू बोलत राहा. तोंड चालू असलं की तुझा नेम चुकतो."

"माझा नेम? मी टँकर उलटा घेऊन गोठ्यात घालायचो!"

"एकदा गोठ्याच्या भिंतीतून घातला होतास," ऑर्व्हल शांतपणे म्हणायचा, आणि सोंगटी नेमकी खळग्यात.

तर या ऑर्व्हलचं डोकं हळूहळू जायला लागलं. आधी गाडी कुठे लावली ते विसरला, मग गाडी आहे हे विसरला. सेलोमा, त्याची बायको, त्याच्या स्वेटरला नावपत्ता शिवून पाठवायची. गुरुवारी मात्र तो ठीक असायचा. बोटांना सगळं आठवत होतं. कधी आपला रंग कुठला ते विसरायचा, तर व्हर्ना सहज बोलल्यासारखं म्हणायची, "काय बाई, आज तुमच्या काळ्या सोंगट्या जोरात आहेत!" असं सगळ्यांनी मिळून त्याला धरून ठेवलं होतं. क्लेटननंही. ऑर्व्हल आहे तोवर गुरुवार आहे, आणि गुरुवार गेला की आपल्याकडे काही राहत नाही, हे त्याला कळत होतं.

हिवाळा सरत आला होता, मॅपलचा रस उकळायचे दिवस होते. त्या गुरुवारी ऑर्व्हलनं टिचकी मारली. सोंगटी लॉइडच्या दोन सोंगट्यांच्या मधून, दोघींपासून अंग चोरून, सरळ निघून गेली आणि छान जागी जाऊन थांबली. कुणालाच लागली नाही. चौघांनी पाहिलं.

"लागली," ऑर्व्हल म्हणाला.

व्हर्नानं लोणच्याच्या वाटीत बघितलं. लॉइडनं चष्मा काढून पुसायला घेतला आणि म्हणाला, "असेल बुवा. मला तर तू सुद्धा धूसर दिसतोस."

झालं होतं. प्रकरण मिटलं होतं. प्रतिस्पर्ध्यांनी मान्य केलं होतं. आणि ऑर्व्हलच्या स्वतःच्या जोडीदारानं, ज्याचा यात फायदाच होता, हात पुढे करून ती सोंगटी उचलली.

"नाही लागली."

"मी म्हणतो ना लागली."

"तू म्हणतोस. पण लागली नाही, ऑर्व्हल."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

इथे दुसऱ्या कुणीही काहीतरी म्हटलं असतं. तसं नाही रे, उजेड कमी आहे, माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. क्लेटन गप्प बसला. आणि आमच्यात प्रश्नाला गप्प बसणं म्हणजे उत्तर असतं.

ऑर्व्हल उठला. दोन्ही बाजूंनी उठला. कोट घातला, बटणं उलटीसुलटी लावली, आणि बर्फातून चालत निघाला. लॉइड गाडी काढून त्याच्या मागे गेला म्हणून घरी तरी पोचला.

दोन-तीन महिन्यांत सेलोमाला तो आवरेना, आणि त्याला शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथे गेल्यावर जे उरलंसुरलं होतं तेही गेलं. मुलांची नावं गेली. आपली शेती कुठे होती ते गेलं. सेलोमाला तो "ताई" म्हणायला लागला. म्हणायचा, या ताई फार चांगल्या आहेत, रोज येतात. क्लेटन दर गुरुवारी काखेत पाट घेऊन जायचा. दारात दिसला रे दिसला की ऑर्व्हल तोंड भिंतीकडे करायचा.

"तू कशाला आलास?"

"खेळायला."

"मला खोटारडा म्हणालास. चारचौघांत. मी तुझ्याशी बोलत नाही, क्लेटन."

बाकी सगळं पुसलं गेलं, आणि हे एवढं दगडावर कोरल्यासारखं राहिलं. सेलोमा एकदा व्हरांड्यात त्याला म्हणाली, "पन्नास वर्षं याचे मोजे धुतले, तर माझं नाव गेलं. तू त्याला दुखावलंस, तर तुझं राहिलं. नशीबवान आहेस."

"असं नका बोलू, वहिनी."

"मग म्हणून टाक ना एकदा, लागली होती म्हणून! तुझं काय जातंय?"

"पण लागली नव्हती."

"लाकडाचा तुकडा तो! देव काय वर बसून तुमच्या सोंगट्या बघतोय?"

क्लेटनला बहुधा तसंच वाटत होतं. 

यात आणखी एक अडचण होती. आमच्यात वसंतात आणि शरदात प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीनं चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून भाकरी खायची, आणि त्याच्या आधीच्या रविवारी प्रत्येकानं सांगायचं असतं, की माझा कुणाशी तंटा नाही, देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे. तंटा असेल तर आधी मिटवा, मग भाकरीला हात लावा. वसंतात क्लेटनची पाळी आली तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "माझी शांती नाही," आणि बसला. पुढच्या रविवारी भाकरीची थाळी आली तशी त्यानं ती शेजाऱ्याकडे सरकवली. चर्चमध्ये असं कुणी करत नाही. पुष्कळांची शांती नसते, पण सगळे आहे म्हणतात आणि घरी जाऊन जेवतात.

शरद जवळ आला तसा तो पाळकसाहेबांकडे गेला. म्हणाला, "खोटं बोललो तर पाप. नाही बोललो तर त्याच्याशी तंटा, तेही पाप. यातलं लहान कुठलं?"

 पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करू या." म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी क्लेटन वृद्धाश्रमात गेला. सेलोमा तिथेच खुर्चीत विणत बसली होती. पुढचं सगळं तिनंच गावाला सांगितलं. पाट त्यानं पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. ऑर्व्हलनं त्याला पाहिलं आणि भिंतीकडे वळला. क्लेटन टोपी हातात घेऊन उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा करायची गोष्ट असल्यामुळे त्याला ती कशी करतात तेही नीट ठाऊक नव्हतं.

"ऑर्व्हल," तो म्हणाला, "ती सोंगटी. लागली होती. तूच बरोबर होतास. माझीच नजर चुकली."

ऑर्व्हल हळूहळू वळला. त्यानं क्लेटनकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, अगदी निरखून. सेलोमा म्हणते, कित्येक महिन्यांत त्यानं कुणाकडे असं बघितलं नव्हतं. तिच्या हातातल्या सुया थांबल्या.

"नव्हती लागली," ऑर्व्हल म्हणाला. "मला दिसलं होतं. दोघींच्या मधून गेली."

"मग... मग राग कसला, बाबा?" क्लेटननं विचारलं.

"चारचौघांत म्हणायचं कशाला? लॉइडच्या समोर?" मग त्याचा चेहरा एकदम सभ्य झाला, दारावर आलेल्या विमा एजंटापुढे होतो तसा. "पण तुम्ही कोण?"

"मी क्लेटन."

"छे."

"अरे, मी क्लेटनच आहे. आत्ता तर ओळखलंस!"

"क्लेटन खोटं बोलत नाही," ऑर्व्हल समजावणीच्या सुरात म्हणाला. "तुम्ही आत्ता लागली होती म्हणालात. आणि आता क्लेटन आहे म्हणताय. दोन्ही खोटंच. बसा ना, उभे का? ताई, यांना कॉफी द्या."

क्लेटन बसला. करणार काय? थोड्या वेळानं त्यानं पाट मांडीवर घेतला आणि काळ्या सोंगट्या ऑर्व्हलच्या बाजूला मांडल्या. म्हणाला, "एक डाव टाकू या का?"

"मी फक्त क्लेटनबरोबर खेळतो," ऑर्व्हल म्हणाला. "आणि क्लेटनशी मी बोलत नाही."

सेलोमा उठून बाहेर गेली. ती हसली की रडली ते तिनं सांगितलं नाही.

क्लेटनला वाटलं, चार दिवसांत विसरेल, पुन्हा रागावेल, निदान भिंतीकडे तरी वळेल. पण त्या माणसाच्या डोक्यात जे जातं आणि जे राहतं त्याचा काही नेम नव्हता. क्लेटनचा चेहरा त्या दिवशी गेला तो गेलाच. शरदाच्या प्रभुभोजनाआधी पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "मिटलं का?" क्लेटन म्हणाला, "ज्याच्याशी मिटवायचं, त्याला मी आलोय हेच पटत नाही." त्याही वेळी भाकरीची थाळी पुढे गेली.

तळघरात गुरुवारी आता दोनच माणसं असतात. लॉइड आणि व्हर्ना समोरासमोर बसतात आणि लुटूपुटूचे डाव खेळतात. लॉइड फारसं बोलत नाही. नेम सुधारला आहे म्हणतात. त्यांनी क्लेटनला पुष्कळदा बोलावलं. तो म्हणतो, "जोडीदार नाही." कुणीतरी नवा बघू म्हटलं तर नुसता बघतो, अंड्यात तडा दिसावा तसा.

वृद्धाश्रमात तो अजून जातो, पाट न घेता. खिडकीपाशी दोघे बसतात. ऑर्व्हल त्याला दर वेळी नव्यानं बसा म्हणतो, नाव विचारत नाही. आणि मग बहुतेक वेळा क्लेटनचाच विषय काढतो. शाळेत त्यानं मास्तरांना काय सांगितलं, त्याच्यासारखी टिचकी सगळ्या परगण्यात कुणाची नाही, तापट नाही पण हट्टी आहे. क्लेटन ऐकतो. कुठे चुकीचं सांगितलं तर पूर्वी लगेच दुरुस्त केलं असतं. आता करत नाही.

परवा ऑर्व्हल बराच वेळ बाहेरच्या बर्फाकडे बघत होता. मग म्हणाला, "आधी दर गुरुवारी यायचा हो. पाट घेऊन. हल्ली येईनासा झाला."

क्लेटननं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मी बोलत नव्हतो, हे खरं. पण म्हणून काय झालं? माणूस रागावला तर यायचं सोडायचं? तुम्हीच सांगा."

"नाही," क्लेटन म्हणाला. "यायला हवं होतं त्यानं."

"तेच म्हणतो मी," ऑर्व्हल म्हणाला, आणि दाराकडे तोंड करून बसला.