सगुणमामाच्या भिंतीवरचे नऊ खिळे

डिचोलीच्या बाजारामागे तळेवाडा म्हणून एक चिंचोळी आळी होती. नऊ घरं, भिंतीला भिंत लागलेली. पहिल्या घरात फोडणी पडली की तिसऱ्या घरात शिंक यायची आणि पाचव्यातून कोणीतरी ओरडायचं, "गे बाय, मिरसांग चड जाली गो!" कुणाच्या घरी कोण आलं, काय खाऊन गेलं, हे आळीला पाहुण्याच्या आधी ठाऊक.

या आळीच्या तोंडाशी एका खोलीत सगुण शिंप्याचं मशीन होतं. माणूस हद्दीपलीकडचा, दोडामार्गाकडचा. सतराव्या वर्षी डोक्यावर मशीन घेऊन चालत आला आणि पुढची तेवीस वर्षं तिथंच पाय मारत बसला. हात सोन्याचा, पण भित्रा असा की विचारू नका. सुर्ल्याच्या खाणीवर सुरुंग उडाला की खिडकीची काच वाजायची आणि सगुणचा टाका वाकडा पडायचा. एकदा एक शिपाई पँट शिवायला आला. माप घेताना सगुणचे हात इतके थरथरले की कंबर चार बोटं जास्तच भरली. शिपाई भला. म्हणाला, "असू दे रे, जेवीन आणि भरून काढीन."

आणि अशा माणसाकडे सगळ्या आळीच्या चाव्या!

त्याचं असं झालं. समोरच्या चंद्रावतीला एकदा घाईनं हळर्णला माहेरी जावं लागलं. तिनं चावी सगुणच्या हातात कोंबली. सगुण ती मुठीत धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिला, जेवायलासुद्धा उठला नाही. चावी हरवली तर? चंद्रावतीनं ही गोष्ट आळीभर सांगितली. कोपऱ्यावरचा गोकुळदास दुकानदार हसून म्हणाला, "मगे ह्योच बरो. भित्रो माणूस दुसऱ्याच्या घरात पाय घालूचो नाय!" सगुणनं भिंतीवर नऊ खिळे ठोकले. पहिला खिळा पहिल्या घराचा, नववा नवव्याचा. नाव नाही, आकडा नाही. चंद्रावतीचा साईश शाळा सुटली की धावत यायचा, टाचा उंचावून चौथ्या खिळ्यावरची चावी काढायचा. पुढे टाचा उंचवायची गरज उरली नाही.

शहाऐंशी सालचा डिसेंबर आला. राज्य होणार की नाही, झालं तर भाषा कोणती, यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. एके दिवशी सकाळी पाव विकणाऱ्या पदेराच्या भोंग्याचा पोंपों ऐकू आला नाही. आळीनं पिशव्या दाराला अडकवल्या होत्या, त्या तशाच लोंबत राहिल्या. मग बातमी आली, रस्त्यावर झाडं आडवी पाडलीत, बस बंद. शहाणी माणसं पहाटेच मुलाबाळांना घेऊन गावी निघून गेली होती. नऊ खिळ्यांपैकी सहांवर चाव्या होत्या. त्यातली एक मधुकरची.

मधुकर पणजीला कचेरीत कारकून. त्यानं वर्तमानपत्रात एक पत्र लिहिलं होतं. कोणत्या बाजूनं, ते राहू दे. आळीतल्या तरण्या पोरांच्या बाजूनं नव्हतं, एवढं पुरे. तो बायकोला घेऊन इब्रामपूरला सासुरवाडीला गेला होता.

दुपारी साईश आला. आता वीस वर्षांचा, ओठावर मिशी.

"मामा, मधुकराची चावी काडून दवर. सांजेक आमी येतलों."

सगुणचा पाय मशीनवरच थांबला. "कित्याक रे?"

"त्याचीं कागदां-पुस्तकां भायर काडून होळी करतलों. दार मोडलें तर बोवाळ जातलो. चावी आसल्यार शांतपणान जाता."

"आणि तुझी चावी? आवय सकाळी ठेवून गेली हा."

"आतां नाका. धांवपळीत पडटली. सांजेक घेतां."

तो गेला. बायको लक्ष्मी आतून सगळं ऐकत होती.

"बावडेत टाका ती चावी," ती म्हणाली.

"आणि मधुकर इल्यावर त्येका काय सांगू? बुडी मार म्हणून?"

"मगे देऊन टाका. आपण पलीकडची माणसां. आपल्याक हय कोण रवाक देतलो?"

हीच तर भीती होती. राज्य झालं की पलीकडच्यांना हाकलणार, अशी आवई तेव्हा नळावर रोज नवी निघायची. चावी दिली तर मधुकर उघड्यावर. नाही दिली तर सगुण. तेवीस वर्षं ज्या पोरांच्या चड्ड्या शिवल्या, तीच आता दारात येणार होती.

मशीनशेजारी एक वाकळ अर्धी शिवून पडली होती. चंद्रावतीनंच दिलेली जुनी लुगडी. सगुणनं सहाही चाव्या काढल्या, लुगड्यांच्या थरांत ठेवल्या आणि प्रत्येकीभोवती बारीक धावदोरा घातला. टाके वाकडे, पण घट्ट. मग ती वाकळ अंगावर ओढून आडवा झाला. तापाचं सोंग करायचं ठरलं होतं. सोंगाची गरजच पडली नाही, दात आपसूक वाजत होते. अंगाबरोबर चाव्या वाजल्या तर? या विचारानं तो आणखी कापायला लागला.

दिवेलागणीला पाच-सहा पोरं आली. खोली एवढीशी, त्यांच्या सावल्यांनीच भरली. दंडाला पट्टी बांधलेला एक पोरगा भिंतीकडे बघून म्हणाला, "अरे, चावयो खंय?"

"नेल्यो," सगुण वाकळीतून म्हणाला. "ज्येच्या त्येनी नेल्यो. सगळ्यांनी."

आणि बोलताक्षणीच त्याला आपली चूक कळली. सगळ्यांनी? चंद्रावती चावी ठेवून गेली, हे त्यानंच दुपारी साईशला सांगितलं होतं!

साईश चौथ्या खिळ्याकडे बघत होता. मग त्यानं सगुणकडे पाहिलं. पट्टीवाल्यानं मशीनचा खण उपसला, रिळं खाली सांडली. "शिंपी फट मारता रे! साईश, तुजी चावी?"

लक्ष्मीनं पदर तोंडाशी धरला.

"आवय घेवन गेली," साईश म्हणाला. "मामा फट मारीना. त्याका तितलें धाडस ना."

पोरं हसली. जाताना मधुकरच्या दारावर दोन लाथा बसल्या. जुनं सागवानी दार, हललं नाही. मग बाजारात कसला तरी आरडाओरडा झाला आणि सगळी तिकडे पळाली.

घटकाभरानं साईश एकटाच परत आला आणि पायरीवर बसला.

"मामा, आतां म्हजी तेवढी चावी दी. भूक लागल्या."

सगुणला द्यावीशी वाटली. पण एक टाका उसवला की बाकीच्यांची जागा उघडी पडणार. पोरगा खरंच भुकेनं आला की बाकीच्या पोरांनी त्याला पाठवला? भीती माणसाला कृतघ्नसुद्धा करते.

"सगळ्यांनी नेल्यो रे," तो पुन्हा म्हणाला.

साईशनं वाद घातला नाही. लक्ष्मीनं त्याला पेज वाढली. थंडी पडली, तेव्हा तिनं दुसरं पांघरूण शोधलं, पण गरिबाच्या घरी दुसरं असतं कुठे? नवऱ्याच्या अंगावरची वाकळच ओढून तिनं पोराच्या अंगावर घातली. सगुण रात्रभर भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसला. तीन दिवस साईश तिथंच जेवला, तिथंच झोपला. सकाळी वाकळीची घडी घालून मशीनवर ठेवायचा आणि निघायचा.

चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला. पदेराचा पोंपों वाजला, आणि पाठोपाठ मधुकर आला. आपलं दार शाबूत बघून तो तिथंच उंबऱ्यावर बसला. सगुणनं कात्री घेतली आणि वाकळ उसवायला सुरुवात केली. चाव्या निघाल्या खऱ्या, पण कोणती कुणाची? खिळा हीच त्यांची ओळख, आणि खिळ्यावरून तर सगळ्या उतरलेल्या! एकेक चावी घेऊन आळी दारोदार फिरली. गोकुळदास म्हणाला, "माझ्या कुलपाक सगळ्यांच्यो चाव्यो लागतत, एक माझीच सोडून!" बऱ्याच दिवसांनी आळी हसली.

साईश मात्र नुसता उभा होता. त्यानं ढिगातून आपली चावी न चुकता उचलली.

"तुका बरी वळखाक येता," सगुण म्हणाला.

"तीन राती बरगडेक टोचताली मरे."

सगुणची मान खाली गेली. "म्हणजे तुका म्हायत होता?"

"पयल्याच राती कळ्ळें."

"मगे उसवलंस नाय कित्याक?"

"मागलेली नी? तुवें ना म्हणलें."

"भियेलंय रे."

"म्हाका?"

"तुका."

"आनी आतां?"

सगुणनं कात्री मिटली, पुन्हा उघडली. "अजून थोडो."

साईश समोर जाऊन कुलूप उघडून आला. घरात आई नव्हती, चूल थंड होती. त्यानं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि चावी परत चौथ्या खिळ्याला अडकवली.

"सांजेक घेतां," तो म्हणाला.