डॉक्टरांचं माहेर

पाथर्डीच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर राधाकृष्ण म्हणजे अंगापिंडाने पैलवान. उधळलेला घोडा असो की मारका रेडा, त्यांचा हात पाठीवर पडला की मुकाट उभा राहायचा. हात होतेच तसे, देवळाली प्रवरेच्या तालमीत तयार झालेले, भाकरीएवढे रुंद. पण ह्याच हातांनी त्यांना एकदा दगा दिला होता. आदल्या वर्षी मढीच्या यात्रेत एक गाढवीण अडली आणि डॉक्टरांचा पंजा काही केल्या आत जाईना. गाढवीण गेली, पोटातलं शिंगरूही गेलं. तेव्हापासून गाभण गाढवीण समोर दिसली की हा पैलवान गडी वाट बदलायचा. आणि नशीब बघा, एकाहत्तर सालच्या रंगपंचमीला पुन्हा त्यांचीच नेमणूक झाली मढीला!

रंगपंचमीला मढीत कानिफनाथांची यात्रा असते आणि तिथंच गाढवांचा बाजार भरतो. हजारो गाढवं, त्यांचं ओरडणं, वर रंगाची उधळण. डॉक्टरांचा तंबू नेमका छबूबाई कासारणीच्या दुकानाला खेटून पडला होता. सकाळपासून त्यांच्या कानावर एकच प्रश्न आदळत होता. गिऱ्हाईक बाई समोर बसली, हात पुढं केला की छबूबाई विचारायची, "माहेर कुठलं गं, बाई?" बाई गाव सांगत असतानाच बांगड्या मनगटावर गेलेल्या असायच्या. डॉक्टरांना त्या चौकशीचा कंटाळा आला होता. जगाच्या माहेरांशी हिला काय करायचंय?

दुपारी भिमाबाई कुंभारीण धावत आली. पदराचं भान नव्हतं.

"डाक्टर, चला लवकर! माझी गाढवीन अडलीया. पानमोट फुटून घटका झाली असंल!"

घोडी-गाढवीचं बाळंतपण म्हणजे झटपट काम, एकदा कळा सुरू झाल्या की घड्याळ उभं राहत नाही. डॉक्टर धावले. गाढवीण आडवी पडून धापा टाकत होती. शिंगराचं नाक दिसत होतं, एक खूर दिसत होता, दुसरा पाय आत गुडघ्यात दुमडलेला. डोकं जरा मागं सारायचं, खूर मुठीत घेऊन पाय सरळ करायचा, एवढंच काम. त्यांनी कोपरापर्यंत साबण लावला, बोटं जुळवली, पंजा आत घातला. बोटांच्या पेरांपाशी तो अडकला. पुन्हा घातला, पुन्हा अडकला. गाढवीण कळवळली.

गर्दी जमली होती. कुणी म्हणालं ओढा, कुणी म्हणालं सोडा. भिमाबाई गाढविणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "हिच्याबिगर माझं चाक फिरत न्हाई हो," ती म्हणाली. "माती हीच आनती."

डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. गेल्या सालचं ते निपचित शिंगरू त्यांना दिसायला लागलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत छबूबाई पुढं आली, दुकान उघडं टाकून.

"असा ताठ हात कुटं जातूय व्हय? भिऊन हात ताठ धरला की माझी बांगडीबी फुटती."

तिनं डॉक्टरांचा हात सरळ आपल्या हातात घेतला. अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची पेरं दोन्ही बाजूंनी दाबून एकमेकांवर सरकवली. सरकारी डॉक्टर गर्दीपुढं लहान पोरीसारखे हात देऊन बसले होते. हात गाढविणीजवळ नेऊन तिनं धरून ठेवला आणि एकदम विचारलं, "माहेर कुठलं?"

"काय?"

"माहेर कुठलं, ईचारलं!"

सगळी गर्दी खो खो हसली. भिमाबाईसुद्धा रडता रडता हसली. आणि डॉक्टरांनाही हसू फुटलं, हात सैल पडला. "देवळाली प्रवरा," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता पंजा आत गेलेला होता.

"गेला!" ते ओरडले. "अहो, गेला!"

पुढचं त्यांच्या हातांना पाठ होतं. डोकं मागं सारलं. खूर तळव्यात झाकून घेतला, म्हणजे आत इजा नको. पाय हलकेच पुढं आणला. "आता कळ येऊ द्या... आली! धर भिमाबाई, डोकं धर!" दोन्ही खूर बाहेर, त्यावर नाक, आणि मग सुळकन सगळं शिंगरू त्यांच्या मांडीवर! मादी होती.

शिंगरू हललं नाही.

डॉक्टरांनी नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, फडक्यानं छाती खसाखसा चोळली. "ऊठ गं, ऊठ," ते पुटपुटत होते. शिंगरू शिंकलं. डॉक्टरांच्या तोंडावरच शिंकलं. लगेच कान हलले, आणि भिमाबाईनं दोन्ही हात जोडून कानिफनाथांच्या गडाकडं पाहिलं. गाढविणीनं मान वळवून पिलाला चाटायला सुरुवात केली.

डॉक्टर मातीत बसून रडत होते. एवढा मोठा माणूस, सगळ्या बाजारासमोर! वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा आज उतरला होता, आणि लाज वाटायला त्यांना सवडच नव्हती. त्यांनी त्या ओल्या शिंगरीचं तोंड आपल्या रुंद पंज्यात धरलं, छबूबाईकडं एकदा पाहिलं आणि शिंगरीलाच मोठ्यानं विचारलं, "माहेर कुठलं गं, बाई?"

सगळा बाजार एका आवाजात ओरडला, "मढी!"